शंभर द्रम्म, शंभर पक्षी

सुट्टीत कुर्डुवाडीला घरी गेले की मी स्टेशनबाहेर मामांच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मागच्या खेपेला एक, दोन आणि पाचची नाणी लावताना सहज मोजलं, दहा रुपये किती प्रकारे देता येतील? दहा प्रकार निघाले. ह्यावर कॉलेजात प्रोग्रॅम लिहिलेला होता, पण कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे असलं गणित साहेबांचंच, हा माझा पक्का समज. मामांनी भास्कराचार्यांचं नाव घेतलं आणि मी गप्प बसले. मला फक्त लीलावतीच्या लग्नाची गोष्ट माहीत होती, आणि तीही दंतकथाच.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, सह्याद्रीच्या परिसरातल्या विज्जलविड गावचा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. (आपण त्या वयात होम लोनचे हप्ते मोजत असू!) 'लीलावती' हा त्याचाच पहिला भाग, आणि त्याची सुरुवातच नाण्यांच्या कोष्टकाने होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०,४८० कवड्या! सुट्ट्यांची कटकट तेव्हाही असणार.

पण मला खरं पकडलं ते 'बीजगणिता'तल्या एका उदाहरणानं. तीन द्रम्मांना पाच पारवे, पाचांना सात सारस, सातांना नऊ हंस आणि नऊ द्रम्मांना तीन मोर. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर द्रम्मांत बरोबर शंभर पक्षी आणायचे. अज्ञात चार, समीकरणं दोनच. शाळेत असतं तर आम्ही गणित चुकलंय म्हणून सोडून दिलं असतं. आचार्य मात्र एखादी किंमत स्वतः धरून चालतात, आणि ती बदलली की उत्तर बदलतं, हे उघड मान्य करतात. मी गल्ल्यावर बसून वहीत मांडलं. पाच पारव्यांची एक जोडी धरली, तशाच बाकीच्यांच्या. पारव्यांच्या तीन, सारसांच्या चार, हंसांच्या पाच आणि मोरांच्या चार जोड्या घेतल्या की द्रम्मही शंभर, पक्षीही शंभर. चारही पक्षी हवेत आणि जोडी फोडायची नाही म्हटलं, तर अशा सहाच रीती आहेत. माझ्या प्रोग्रॅमनं प्रॅक्टिकलच्या दिवशी एकच उत्तर दाखवलं होतं आणि मी तेवढ्यावर खूश होते.

आचार्य थांबले नाहीत. ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, 'करणकुतूहल' लिहिलं. पुढं नातू चांगदेवानं चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात जुन्या मराठीत नोंद आहे, की बाजारातल्या गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. म्हणजे त्या मठात नाण्यांचं गणित शिकवलं जायचं ते बाजारातल्या सुट्ट्या पैशांवर. मामांना हे सांगितलं तर ते नुसते हसले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीन रुपये सुट्टे मागू लागले.