विश्लेषण : गणित जुळेना, म्हणून सापडले कृष्णद्रव्य! कोण होते फ्रिट्झ झ्विकी?

विश्वातील बहुतांश पदार्थ कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही. दीर्घिकासमूहांमध्ये असे ‘कृष्णद्रव्य’ असल्याचा निष्कर्ष 1933 मध्ये एका स्विस शास्त्रज्ञाने मांडला. तेव्हा त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे क्ष-किरणांनी त्यांचे म्हणणे थोडे दुरुस्त केले आणि पक्केही केले. ते कसे?

झ्विकी कोण होते?

फ्रिट्झ झ्विकी यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1898 रोजी बल्गेरियातील वार्ना येथे झाला. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झाले. 1925 मध्ये ते अमेरिकेतील कॅलटेकमध्ये आले आणि तिथेच राहिले. नागरिकत्व मात्र त्यांनी स्विसच ठेवले. 1934 मध्ये वॉल्टर बाडे यांच्यासोबत त्यांनी अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉन तारा तयार होत असावा, अशी कल्पना मांडली. स्वभाव फटकळ असल्याने सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत.

कोणते गणित जुळत नव्हते?

अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षांवर ‘कोमा’ हा दीर्घिकासमूह आहे. दिसणाऱ्या प्रकाशावरून त्याचे वस्तुमान धरले, तर त्यातील दीर्घिकांच्या वेगांत सेकंदाला सुमारे 80 किलोमीटरचा फरक असायला हवा होता. प्रत्यक्षात तो 1,000 किलोमीटरच्या घरात होता. दोरी कच्ची असेल, तर गोफणीतला दगड सुटून जातो. तसा हा समूह केव्हाच विखुरला असता. म्हणजे त्याला बांधून ठेवणारे, न दिसणारे वस्तुमान असले पाहिजे.

झ्विकींच्या मते हे वस्तुमान अंदाजाच्या किमान 400 पट असायला हवे होते. त्या काळी विश्वप्रसरणाचा दर आजच्यापेक्षा जवळपास आठपट धरला जाई. त्यामुळे दीर्घिकांची अंतरे कमी भरत आणि हा आकडा फुगला होता. पण चूक काढून टाकल्यावरही तफावत मोठीच राहते.

क्ष-किरणांनी काय दाखवले?

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण अडवते. त्यामुळे त्यांच्या निरीक्षणासाठी अवकाशात जावे लागते. 12 डिसेंबर 1970 रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून नासाचा ‘उहुरू’ उपग्रह झेपावला. कोमासारखे समूह क्ष-किरणांत झळकतात आणि हा प्रकाश दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेतूनही येतो, असे त्यातून दिसले. तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे. या वायूचे वस्तुमान समूहातील सर्व ताऱ्यांच्या कित्येक पट भरते.

मग कृष्णद्रव्य म्हणजे हा वायूच का?

नाही. हरवलेल्या वस्तुमानाचा एक भाग या वायूने भरून निघाला, पण त्यानेच नवा प्रश्न उभा केला. इतका तापलेला वायू पसरून निघून का जात नाही? क्ष-किरणांवरून त्याचे तापमान आणि घनता कळते. त्यावरून त्याला धरून ठेवायला किती गुरुत्वाकर्षण लागेल, हे काढता येते. उत्तर साधारण असे येते : तारे काही टक्के, वायू 15 टक्क्यांच्या आसपास आणि उरलेले 80 टक्क्यांहून अधिक अदृश्य.

बुलेट क्लस्टर महत्त्वाचा का?

भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या ‘चंद्रा’ दुर्बिणीने दोन समूहांच्या या टकरीचे क्ष-किरणांत निरीक्षण केले. टकरीत वायू एकमेकांवर आदळून मागे रेंगाळला. बहुतेक वस्तुमान मात्र दीर्घिकांसोबत पुढे निघून गेल्याचे 2006 मध्ये मांडण्यात आले. हे वस्तुमान मोजले गुरुत्वीय भिंगाच्या पद्धतीने. दीर्घिका अशा भिंगाचे काम करतील, हे 1937 मध्ये झ्विकींनीच सुचवले होते.

हे पाहायला ते नव्हते. 8 फेब्रुवारी 1974 रोजी, 76व्या वाढदिवसाला सहा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. कृष्णद्रव्य नेमके कशाचे बनले आहे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.