स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट, १८८३ – १८ एप्रिल, १९६६) हे योगाचे अभ्यासक, शिक्षक आणि संशोधक होते. लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे ते संस्थापक होत. आसने, बंध, क्रिया आणि प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत उपकरणांच्या साहाय्याने तपासण्याचे काम भारतात ज्यांनी प्रथम सातत्याने केले, त्यांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म गुजरातमधील डभोई या गावी मराठी कुटुंबात झाला. १९०३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. संस्कृतमधील प्रावीण्याबद्दल त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढील शिक्षण बडोदा येथे झाले. त्या काळात बडोदा महाविद्यालयात अध्यापक असलेले अरविंद घोष आणि लोकमान्य टिळक यांच्या राष्ट्रीय विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. देशकार्यासाठी त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचे ठरविले व ते अखेरपर्यंत पाळले.

बडोद्यातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात १९०७ ते १९१० या काळात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. १९१६ ते १९२३ या काळात ते अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांमध्ये शिकवीत होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. राष्ट्रीय वृत्तीमुळे हे महाविद्यालय ब्रिटिश सरकारच्या रोषास पात्र ठरले आणि १९२३ मध्ये बंद पडले.

परमहंस माधवदास यांचे शिष्यत्व

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदास या बंगाली योग्याशी भेट झाली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गुणे यांनी हठयोगाची साधना केली. योगपरंपरेत प्राण म्हणजे केवळ नाकातून आत-बाहेर होणारी हवा नव्हे. देहाचे सर्व व्यापार चालविणारी ती जीवनशक्ती मानली जाते. प्राण, अपान, समान, उदान आणि व्यान असे तिचे पाच प्रकार सांगितले जातात. श्वास हे या शक्तीचे सर्वांत स्थूल आणि माणसाच्या ताब्यात येऊ शकणारे रूप असल्यामुळे पूरक, कुंभक व रेचक यांच्या अभ्यासाला हठयोगात मध्यवर्ती स्थान मिळाले. ही साधना गुणे यांनी श्रद्धेने स्वीकारली. मात्र तिचे जे परिणाम देहात दिसतात, ते मोजताही आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

बडोद्यातील प्रयोग

१९२०–२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान बंध आणि नौली यांचा अभ्यास केला. त्यासाठी क्ष-किरणांचा उपयोग करण्यात आला. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, हवा आत न घेता छाती फुगविली जाते. त्यामुळे श्वासपटल वर उचलले जाते आणि पोट खोल आत जाते. नौलीत पोटाचे मधले सरळ स्नायू वेगळे काढले जातात. या स्थितीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना दाबमापकाने केलेल्या मोजणीत आढळले. बस्ती या क्रियेत पाणी आतड्यात कसे ओढले जाते, याचे उत्तर त्यातून मिळाले. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

कैवल्यधाम आणि योगमीमांसा

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी नियतकालिक सुरू झाले. त्यात शास्त्रीय प्रयोगांची नोंद, त्यांचे विवेचन आणि सामान्य वाचकांसाठी अभ्यासाचे मार्गदर्शन असे वेगवेगळे विभाग असत. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या त्रासाने आजारी असलेले महात्मा गांधी यांनी आसनांविषयी पत्राद्वारे त्यांचा सल्ला घेतला. मुंबईत मरीन ड्राइव्ह येथे संस्थेचे आरोग्यकेंद्र उभे राहिले.

प्राणायामविषयक संशोधन

प्राणायामात शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक ऑक्सिजन मिळतो आणि हाच त्याचा मुख्य लाभ होय, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. मराठीत ऑक्सिजनला प्राणवायू हाच शब्द रूढ असल्याने प्राण आणि ऑक्सिजन एकच, असा समज होणेही सोपे होते. कैवल्यधामात उच्छ्वासातील वायूंचे पृथक्करण करून ही समजूत तपासण्यात आली. संथ प्राणायामात प्रत्येक श्वास मोठा असला, तरी मिनिटातील श्वासांची संख्या बरीच घटते. त्यामुळे एकूण ऑक्सिजनचे प्रमाण त्या मानाने वाढत नाही, असा निष्कर्ष कुवलयानंद यांनी काढला. योगाच्या प्रचाराला सोयीचा असलेला दावा योगसंस्थेच्याच प्रयोगशाळेने नाकारावा, ही त्या काळात लक्षणीय गोष्ट होती.

त्यांच्या मते प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र होते. छाती व पोटातील दाबांत होणारे बदल, श्वसनाच्या स्नायूंना मिळणारे वळण आणि मज्जासंस्थेवर होणारा परिणाम यांवर त्यांनी भर दिला. येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात राहून प्राणायामाचा अभ्यास केला. त्यांच्या मोजणीत मात्र उज्जायी, भस्त्रिका इत्यादी प्रकारांत ऑक्सिजनचा वापर वाढलेला आढळला. अभ्यासाची गती, कुंभकाचा काळ आणि मोजण्याची पद्धत यांनुसार निष्कर्ष बदलतात, हे अशा भिन्न नोंदींवरून ध्यानात येते.

प्राण ही सूक्ष्म शक्ती उपकरणांनी सिद्ध झाली, असे अनुमान या प्रयोगांतून निघत नाही. दाब, वायू आणि स्नायूंची हालचाल एवढेच त्यांत मोजले गेले. साधनेचे अंतिम उद्दिष्ट आध्यात्मिक आहे, ही कुवलयानंद यांची धारणा कायम होती. प्राणायाम या ग्रंथात त्यांनी नवशिक्या साधकांना पूरकापेक्षा रेचक दुप्पट ठेवण्याचे प्रमाण सांगितले असून कुंभकाची घाई करण्याविरुद्ध इशारा दिला आहे.

शिक्षण, चिकित्सा आणि लेखन

शाळांतील शारीरिक शिक्षणात योगाचा समावेश व्हावा, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. सामूहिक अभ्यासासाठी त्यांनी यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक लिहिले. लोणावळ्यात १९५० च्या दशकाच्या आरंभी योग महाविद्यालय आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी योगोपचारांचे रुग्णालय सुरू झाले. आसने आणि प्राणायाम हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. स. अ. शुक्ल यांच्यासह त्यांनी गोरक्षशतकाचे संपादन केले, तर शं. ल. विनेकर यांच्यासह योगचिकित्सेवर लिहिलेले पुस्तक १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रकाशित केले.

निधन आणि वारसा

१८ एप्रिल, १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा सांभाळली. संशोधन, ग्रंथसंपादन, शिक्षण आणि उपचार या चारही अंगांनी कैवल्यधामाचे काम पुढे चालू राहिले. योगमीमांसाचे प्रकाशनही त्यांच्या पश्चात सुरू राहिले.