कमल रणदिवे : पेशीच्या अंतरंगाचा वेध

विषाणू पेशीबाहेर निव्वळ निष्क्रिय कण असतो. पेशीत शिरताच मात्र तो तिचीच यंत्रणा राबवून आपली प्रथिने घडवून घेतो. त्यामुळे विषाणू समजून घ्यायचा, तर जिवंत पेशी काचपात्रात वाढवता आल्या पाहिजेत. मुंबईत ही विद्या रुजवण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती. पण हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये गेलेल्या कमलताईंचा ओढा जीवशास्त्राकडेच राहिला. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी ऊतीसंवर्धनाचे धडे घेतले. प्रसिद्ध ‘हेला’ पेशी प्रथम वाढल्या त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत.

मायदेशी परतल्यावर त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ती पहिली मानली जाते. उंदरांच्या स्तनाचा कर्करोग घडवणारा एक विषाणू आईच्या दुधातून पिलांत उतरतो. मात्र तो शरीरात असणे पुरेसे नसते. आनुवंशिकता आणि संप्रेरकेही रोगाची दिशा ठरवतात. विषाणू आणि संप्रेरके यांचा हा परस्परसंबंध आरंभीच ओळखणाऱ्यांत रणदिवे होत्या. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले.

या दृष्टीचे मोल करोनाच्या साथीत पुन्हा प्रत्ययास आले. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने करोना विषाणू वेगळा केला, तो माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या संवर्धित पेशींतच. या विषाणूचे एक प्रथिन रायबोसोमला चिकटून पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती रोखते, दुसरे केंद्रकाच्या दाराशी वाहतूक अडवून धोक्याची सूचना आत पोहोचू देत नाही, तर काटेरी प्रथिन पेशीतील जालिकेत तयार होऊन नव्या विषाणूच्या आवरणावर चढते. पेशीच्या आतील ही उलथापालथ जगभरच्या संशोधकांना दिसली, ती प्रामुख्याने संवर्धित पेशींमुळे. एकच विषाणू एकाला किरकोळ ताप आणतो आणि दुसऱ्याचा प्राण घेतो, तेव्हा रोगजंतूइतकाच त्याला आश्रय देणारा देहही अभ्यासावा लागतो.

प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेरही रणदिवे यांचे लक्ष होते. १९७३ मध्ये सहकारी संशोधिकांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची त्यांनी पाहणी केली, ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.