कोकोचे बी रुजविणारा लोहार

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावी आम्ही आप्तांकडे गेलो होतो. तेथील दुकानात चॉकलेटांच्या राशी पाहून मुलांनी विचारले, हे पिकते कोठे? तेथे तर नाहीच. कोकोचे झाड थंडीत जगत नाही. ज्यांच्या हातून आफ्रिकेतील घाना देशात हे पीक रुजले, त्या टेटे क्वार्शी यांची ओळख आज वाचकांस करून देत आहोत.

क्वार्शी यांचा जन्म १८४२ साली अक्राजवळील ओसू येथे झाला. तो प्रदेश तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणून ओळखला जाई. बाझेल मिशनच्या कारखान्यात ते लोहारकाम शिकले. पुढे १८७० साली ते स्पेनच्या ताब्यातील फर्नांडो पो बेटावर गेले. तेथील कोकोचे मळे त्यांनी नीट पाहिले, परतताना बिया आणल्या आणि १८७९ च्या सुमारास माम्पाँग येथे लावल्या. मिशनऱ्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. या लोहाराची बाग मात्र फळली. त्यांच्या बागेतले बी शेजारच्या शेतकऱ्यांकडे गेले आणि लागवड पसरली. २५ डिसेंबर १८९२ रोजी ते वारले. कोकोची निर्यात तेव्हा नुकती सुरू झाली होती. १९११ साली गोल्ड कोस्ट जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक ठरला, ते पाहावयास ते उरले नव्हते.

पीक वाढले, पण भाव शेतकऱ्याच्या हाती आला नाही. तो बी आंबवून, उन्हात वाळवून दलालाला विकी. दलाल बंदरावरच्या कंपन्यांना देई. आणि भाव लंडन व न्यूयॉर्कच्या बाजारात ठरे. १९३७ साली युरोपीय कंपन्यांनी खरेदीचा भाव पाडण्यासाठी आपसांत करार केला. तेव्हा शेतकऱ्यांनी महिनोन् महिने कोको विकलाच नाही. अखेर १९४७ साली सरकारी कोको मंडळ स्थापन झाले.

आजही हंगामासाठी शेतकऱ्याचा भाव सरकार जाहीर करते. परवानाधारक खरेदीदार माल घेतात, प्रत तपासून पोती शिक्कामोर्तब होतात आणि मंडळाची कंपनी बराचसा माल आगाऊ सौद्याने परदेशी विकते. यात भाव कोसळला तर आधार मिळतो. पण भाव चढला तर लाभ उशिरा पोहोचतो. २०२४ साली जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरांपलीकडे गेला, तेव्हा घानाचा शेतकरी हेच अनुभवत होता.

वाचकहो, आपल्याला हे परके वाटू नये. आपल्या वाडवडिलांनी मॉरिशसमध्ये ऊस तोडला, पण साखरेचा भाव सातासमुद्रापार ठरला. १९१९ पासून येथेही बेटाची साखर सिंडिकेटमार्फत एकत्र विकली जाऊ लागली, ती एकट्या उत्पादकाचे बाजारात काही चालत नाही म्हणूनच. बी रुजविणे एका माणसाला जमते. भाव राखावयास मात्र सर्वांनी एकत्र यावे लागते. मुलांच्या हाती चॉकलेट देताना क्वार्शींची ही गोष्टही त्यांना सांगावी, एवढीच आमची विनंती.