चार्ल्स गुडइयर : बसलेला टायर पुन्हा गोल कसा होतो?



गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी राहिली की तिचा टायर खालून थोडा चपटा होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा अनुभव खूप जणांनी घेतला. दोन-तीन महिन्यांनी गाडी बाहेर काढली, तर सुरुवातीला धपधप आवाज आणि हातातल्या स्टिअरिंगला थरथर. टायर कामातून गेले असं वाटावं, पण थोडं अंतर चालवल्यावर बहुतेक गाड्यांचा आवाज आपोआप थांबला. टायर का बसला, हे मुलांना लगेच कळतं, गाडीचं वजन एकाच ठिकाणी पडलं म्हणून. पण तो परत गोल कसा झाला? हा प्रश्न विचारला की वर्ग शांत होतो. याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. म्हणून आजच्या पाठासाठी आपण चार्ल्स गुडइयर यांचं चरित्र घेणार आहोत.

आधी रबराबद्दल थोडं. रबर म्हणजे झाडाचा चीक. फणस कापताना हाताला चिकटतो तसाच, पण दुसऱ्या झाडाचा. दक्षिण अमेरिकेतल्या लोकांना तो फार पूर्वीपासून माहीत होता. युरोपात तो पोचला, तेव्हा १७७० च्या सुमारास जोसेफ प्रिस्टली यांनी नोंद केली की याने पेन्सिलीच्या खुणा पुसल्या जातात. आपला खोडरबर तिथून आला. पुढे १८३० नंतर अमेरिकेत रबराच्या वस्तूंची लाटच आली. बूट, कोट, पाणी न झिरपणारं कापड, सगळं रबराचं. पण उन्हाळा आला की हे बूट वितळून चिकट आणि घाणेरड्या वासाचा गोळा व्हायचे आणि थंडीत लाकडासारखे कडक पडायचे. लोकांनी माल परत करायला सुरुवात केली आणि कंपन्या एकामागून एक बुडाल्या.

अशा वेळी गुडइयर या धंद्यात शिरले. त्यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी झाला. वडील अमासा यांचा लोखंडी सामानाचा, बटणांचा आणि शेतीच्या अवजारांचा धंदा होता. चार्ल्स फिलाडेल्फियात जाऊन हाच व्यवसाय शिकले, परत येऊन वडिलांचे भागीदार झाले. १८२४ साली क्लॅरिसा बीचर यांच्याशी लग्न झालं. त्यांनी फिलाडेल्फियात अवजारांचं दुकान काढलं, ते चाललंही. पण उधारी वाढली आणि १८३० च्या सुमारास दुकान बुडालं. त्या काळी कर्ज फेडलं नाही तर सरळ तुरुंगात टाकत. गुडइयर यांचं तुरुंगात जाणं-येणं तिथून सुरू झालं, ते पुढे पंचवीस वर्षं चालू राहिलं.

१८३४ साली ते न्यूयॉर्कमध्ये एका रबर कंपनीच्या दुकानात गेले. तिथे पाण्यात बुडू नये म्हणून वापरायची, हवा भरायची रबरी वस्तू होती. तिची झडप त्यांना निकृष्ट वाटली. त्यांनी चांगली झडप करून दाखवली. दुकानदाराने मात्र खरी गोष्ट सांगितली. झडप सुधारून उपयोग नाही, रबरच टिकत नाही आणि परत आलेल्या मालाने कंपनी मेटाकुटीला आली आहे. झडप बाजूला राहिली आणि गुडइयर रबराच्या मागे लागले. त्यांना रसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं. हातात पैसाही नव्हता.

पहिले प्रयोग त्यांनी कर्जापायी तुरुंगात असतानाच केले. बायकोचं लाटणं मागवून घेतलं आणि रबराचा चीक कणकेसारखा मळून लाटायला लागले. त्यांचा विचार साधा होता. कणीक हाताला चिकटली की आपण वरून कोरडं पीठ लावतो, तसंच रबरात काहीतरी कोरडी पूड मिसळली तर चिकटपणा जाईल. त्यांनी मॅग्नेशिया घातलं, चुना घातला. थोडे दिवस माल बरा वाटायचा, मग परत चिकट. नायट्रिक आम्ल लावल्यावर वरचा थर सुधारला. त्यासाठी पेटंटही मिळालं. या प्रयोगांच्या धुरात एकदा त्यांचा जीव जाता जाता वाचला. स्वतःच्या मालाची जाहिरात म्हणून ते रबराचे कपडे घालून हिंडायचे. लोक हसायचे, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्यांना नॅथॅनिएल हेवर्ड भेटले. रबरात गंधक घालून उन्हात वाळवलं की चिकटपणा कमी होतो, हे हेवर्ड यांना समजलं होतं. गुडइयर यांनी त्यांच्याकडून तो हक्क विकत घेतला. सरकारकडून टपालाच्या १५० थैल्यांचं काम मिळालं. थैल्या सुंदर झाल्या. टांगून ठेवल्या आणि उष्णतेने काही दिवसांत त्या मऊ पडून सांडायला लागल्या. म्हणजे गंधकानेही फक्त वरवरचा बदल झाला होता, आतलं रबर तसंच.

मग १८३९ चा हिवाळा. गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. ही गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते, काही ठिकाणी तर नाटकासारखी. महत्त्वाचं एवढंच की तो तुकडा वितळला नाही. चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी राहिली, की जी कोरडी होती, लवचीक होती आणि थंडीतही कडक झाली नाही. गेली पाच वर्षं उष्णता ही रबराची शत्रू समजली जात होती. पण गंधक सोबत असेल तर तीच उष्णता कामाची ठरत होती.

आपण वर्गात ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतो, ते मला पटत नाही. शेगडीला रबर चिकटण्याचा प्रकार त्या काळात कितीतरी लोकांकडे घडला असेल. करपलेल्या तुकड्याची कड निरखून पाहणारा माणूस मात्र पाच वर्षं तेच शोधत होता. गुडइयर यांनीही आपल्या पुस्तकात निव्वळ योगायोगाचं श्रेय नाकारलं आहे.

आता मुलांसाठी एक सोपा प्रयोग. कणकेचा गोळा आणि खोडरबर शेजारी ठेवा. दोन्हींवर अंगठा जोरात दाबून उचला. कणकेत खड्डा राहतो, खोडरबर परत पहिल्यासारखा होतो. कच्चं रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता, शेवयांसारखा. दाबलं की साखळ्या एकमेकींवरून हळूहळू घसरतात आणि नव्या जागी राहतात. गंधकासोबत तापवलं की या साखळ्यांमध्ये गंधकाचे छोटे पूल तयार होतात. आता त्या ताणल्या जातात, पण घसरून जात नाहीत. सोडलं की पूल त्यांना मागे ओढतात. (हे पूल वगैरे शास्त्रज्ञांना पुष्कळ नंतर कळलं. गुडइयर यांना फक्त परिणाम दिसत होता.)

टायरचं तेच. गाडी चालून टायर तापतो. मग ती उभी राहते आणि सगळं वजन टायरच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागावर येतं. टायर त्याच अवस्थेत थंड होतो, आतले नायलॉनचे दोरे त्या चपट्या आकारात आखडतात. गाडी पुन्हा चालली की उष्णता येते, दोरे सैल होतात आणि गंधकाने बांधलेलं रबर मूळच्या आकारावर येतं. पूल नसते तर टायर कणकेसारखा बसला असता आणि बसलेलाच राहिला असता. अर्थात या ताकदीलाही मर्यादा आहे. हवा कमी असलेल्या टायरवर गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर खालचा चपटेपणा कायमचाही होतो. म्हणून हवा पुरेशी ठेवावी आणि गाडी अधूनमधून चालवावी, निदान थोडी पुढे-मागे करावी.

शेगडीनंतर सगळं सोपं झालं असेल असं वाटतं ना? उलट सर्वांत वाईट वर्षं तीच. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, काहीच माहीत नव्हतं. घरातल्या भट्टीत, चहाच्या किटलीच्या वाफेवर, ओळखीच्यांच्या कारखान्यात, मिळेल तिथे ते रबर तापवत राहिले. शेवटी दाबाखालच्या वाफेत सुमारे १३० अंश सेल्सिअसला चार ते सहा तास ठेवलं की एकसारखा माल निघतो, असं लक्षात आलं. तोपर्यंत घरातल्या वस्तू गहाण पडल्या होत्या. शेजारपाजारच्यांनी दिलेल्या अन्नावर दिवस निघत होते. त्यांची काही मुलं लहानपणीच दगावली. आणि एकदा तर त्यांनी मुलांची शाळेची पुस्तकं विकली. पाच डॉलरला.

चिकाटीचं उदाहरण म्हणून आपण अशी चरित्रं शिकवतो, तेव्हा हा भाग गाळतो. मी गाळत नाही. आमच्या चौथीच्या वर्गात मी विचारलं, पुस्तकं विकली ते बरोबर केलं का? अर्धा वर्ग म्हणाला, हो, नाहीतर टायर झाले नसते. अर्धा म्हणाला, पुस्तकं मुलांची होती, त्यांना विचारायला हवं होतं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. क्लॅरिसाबाईंचं नाव तर कुठल्याच पाठात येत नाही. घर चालवलं त्यांनी, प्रयोगाची दुर्गंधी सोसली त्यांनी, लाटणंही त्यांचंच.

१५ जून १८४४ रोजी गुडइयर यांना अमेरिकेत पेटंट मिळालं. पण इंग्लंडमध्ये उशीर झाला होता. त्यांच्या रबराचे नमुने तिकडे पोचले होते. थॉमस हॅनकॉक या जाणकार उद्योजकाला त्यावर गंधक दिसलं आणि त्याने स्वतः खटपट करून १८४३ साली अर्ज टाकला होता. व्हल्कनायझेशन हे नाव हॅनकॉक यांच्या एका मित्राने दिलं. व्हल्कन हा रोमन लोकांचा अग्निदेव. हॅनकॉक यांनी मेहनत केली नाही असं म्हणता येणार नाही, पण सुरुवात अमेरिकेच्या तुकड्यापासून झाली, हेही खरं.

अमेरिकेत पेटंट न जुमानणाऱ्यांविरुद्ध खटले चालले. १८५२ च्या मोठ्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॅनिएल वेबस्टर उभे राहिले, जे त्या वेळी देशाचे परराष्ट्रमंत्री होते. खटला जिंकला. पण पैसा हातात टिकेना. १८५१ च्या लंडनच्या आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी रबराची अख्खी दालनं उभारली, त्यात खर्च बेसुमार झाला. फ्रान्समधलं पेटंट तांत्रिक कारणावरून रद्द झालं आणि पॅरिसमध्येच कर्जापायी त्यांना अटक झाली. फ्रान्सचा मोठा सन्मान, लीजन ऑफ ऑनर, त्यांना मिळाला तेव्हा ते क्लिशीच्या तुरुंगात होते. क्लॅरिसाबाई त्याआधीच, १८५३ साली, वारल्या होत्या.

१८६० साली आजारी मुलीला भेटायला ते निघाले. न्यूयॉर्कला पोचल्यावर ती गेल्याचं कळलं आणि तिथेच १ जुलैला त्यांचाही मृत्यू झाला. मागे सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

हवा भरलेला टायर त्यांनी कधी बनवला नाही. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं होतं, पण तो विसरला गेला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा केला आणि मग तो जगभर गेला. गुडइयर नावाची टायर कंपनी १८९८ साली निघाली, त्यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी. त्यांचं किंवा त्यांच्या घरच्यांचं तिच्याशी काही नातं नाही, नाव फक्त आदरापोटी घेतलं. आपल्याकडे हायवेवर पंक्चरच्या दुकानावर व्हल्कनायझिंग असं लिहिलेली पाटी दिसते, तिथे तापणाऱ्या छोट्या यंत्राखाली ठिगळ दाबून ठेवलेलं असतं. पुढच्या वेळी मुलं सोबत असतील तर दोन मिनिटं थांबून त्यांना ते दाखवा.