कामगार मुलांची कैवारी

इ. स. १८७१ मधील गोष्ट. मध्यरात्र उलटून गेली होती. अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया राज्यात एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलीला पोलादाचा कारखाना दाखवीत होते. भट्टीतून उसळणाऱ्या ज्वाळांनी सारा परिसर उजळून निघाला होता. वडील ते दृश्य मोठ्या कौतुकाने पाहत होते. मुलीचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. तिच्याहूनही लहान मुले पाण्याच्या जड बादल्या घेऊन त्या धगीत फिरत होती व कामगारांना पाणी पाजीत होती. पुढे एका काचेच्या कारखान्यातही तिला असेच दृश्य दिसले. काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या पायांशी, तापलेल्या भट्टीजवळ, लहान मुले अंग चोरून बसली होती आणि साचे साफ करीत होती. यंत्रांचे सर्वांना कौतुक होते; मुलांकडे कोणीच पाहत नव्हते. ही गोष्ट त्या मुलीच्या मनात कायमची घर करून राहिली. ती मुलगी म्हणजे फ्लॉरेन्स केली.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ सप्टेंबर १८५९ रोजी फिलाडेल्फिया शहरी झाला. तिचे वडील विल्यम केली हे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. त्यांनी मुलीला वाचावयास शिकविले ते एका चित्रमय पुस्तकावरून. इंग्लंडमधील वीटभट्ट्यांवर डोक्यावरून ओल्या मातीचे ओझे वाहणाऱ्या मुलांची चित्रे त्यात होती. नात्याने तिची आजी लागणाऱ्या सारा प्यू या गुलामगिरीच्या कट्ट्या विरोधक होत्या. गुलामांच्या श्रमांतून निर्माण झालेला कापूस आणि साखर त्या कधीच वापरीत नसत. आपल्या हाती येणारी वस्तू कोणाच्या कष्टांतून आली, याचा विचार करण्याची सवय फ्लॉरेन्सला अशी बालपणीच लागली.

१८८२ साली कॉर्नेल विद्यापीठाची पदवी मिळवून ती पुढील अभ्यासासाठी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गेली. तेथेच तिचा विवाह झाला. पण तो संसार सुखाचा झाला नाही. १८९१ च्या अखेरीस आपल्या तीन लहान मुलांना घेऊन केलीबाई शिकागोस आल्या. तेथे जेन अ‍ॅडम्स यांनी गोरगरिबांच्या वस्तीत हल हाउस नावाची सेवासंस्था चालविली होती. केलीबाई तेथे राहू लागल्या.

त्या वस्तीत घरोघर कपडे शिवण्याचे काम चाले. व्यापारी कापड कंत्राटदारांना देत आणि कंत्राटदार ते गरीब कुटुंबांत वाटीत. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून स्त्रिया दिवसभर शिवीत आणि त्यांच्याजवळ बसून लहान मुले धावदोरे काढीत. मजुरी नगावर मिळे व ती अगदीच तुटपुंजी असे. १८९२ साली इलिनॉय राज्याच्या श्रमविषयक कचेरीने या धंद्याची पाहणी करण्याचे काम केलीबाईंकडे सोपविले. त्या घराघरांचे जिने चढल्या. घरात माणसे किती, मुलांची वये काय, कामाचे तास किती, मजुरी किती, हे सारे त्यांनी टिपून घेतले. पुढच्याच वर्षी त्यांनी हल हाउसभोवतीच्या वस्तीची घरवार पाहणी केली. त्या माहितीवरून तेथील रहिवाशांनी नकाशे तयार केले. प्रत्येक घराची साप्ताहिक कमाई त्यांत वेगवेगळ्या रंगांनी दाखविली होती. १८९५ साली हे नकाशे प्रसिद्ध झाले. कोणत्या गल्लीत किती दारिद्र्य आहे, हे आता कोणालाही एका दृष्टीत दिसू लागले.

या पाहणीचे फळ १८९३ सालीच मिळाले. इलिनॉय राज्याने कायदा करून १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामावर ठेवण्यास बंदी केली व स्त्रियांचे काम दिवसाला ८ तासांवर आणले. मुख्य कारखाना-निरीक्षक म्हणून केलीबाईंचीच नेमणूक झाली. १८९४ साली शिकागोत देवीची साथ आली, तेव्हा रोगी असलेल्या घरांतही कपडे शिवले जात असल्याचे त्यांना आढळले. ते कपडे विकत घेणाऱ्यांच्या घरी रोगही गेला असता!

एकदा तसबिरींच्या चौकटींना मुलामा देणारा ११ वर्षांचा एक मुलगा त्यांना आढळला. मुलाम्याच्या विषारी द्रवामुळे त्याचा उजवा हात लुळा पडला होता. त्याला भरपाई देणारा कायदाच नव्हता आणि सरकारी वकील मालकावर खटला भरावयास तयार होईना. तेव्हा केलीबाईंनी स्वतःच कायदा शिकण्याचे ठरविले. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून त्यांनी कायद्याची पदवी मिळविली.

तथापि त्यांचा मार्ग सोपा नव्हता. १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या ८ तासांचे कलम रद्द ठरविले. १८९७ साली त्यांचे पदही गेले. परंतु त्या खचल्या नाहीत. १८९९ साली न्यूयॉर्क येथे त्या राष्ट्रीय ग्राहक संघाच्या चिटणीस झाल्या. ज्या कारखान्यात मुले राबत नसत आणि कायदा पाळला जाई, त्याच्या मालावर हा संघ आपली पांढरी खूणचिठ्ठी लावू देई. ती पाहूनच खरेदी करा, असे केलीबाई गावोगावी सांगत. पुढे ऑरेगन राज्याच्या कायद्यावर खटला झाला. त्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला १० तासांवर आणले होते. केलीबाईंच्या सहकारी जोसेफिन गोल्डमार्क यांनी जास्त तासांच्या कामाने स्त्रियांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतात, याचे शंभरांहून अधिक पृष्ठांचे पुरावे जमविले. वकील लुई ब्रँडाइस यांनी ते न्यायालयापुढे मांडले. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला.

१९१२ साली मुलांच्या कल्याणासाठी सरकारी खाते निघाले. १९१६ साली बालकामगारांविरुद्ध देशव्यापी कायदा झाला. पण १९१८ साली न्यायालयाने तोही रद्द केला. १७ फेब्रुवारी १९३२ रोजी केलीबाई मृत्यू पावल्या, तेव्हा त्यांचे काम अपुरेच होते. सहा वर्षांनी, १९३८ साली, नवा कायदा झाला. राज्याबाहेर माल पाठविणाऱ्या कारखान्यांत १६ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली. १९४१ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला.

अन्याय पाहून मन कळवळते. पण तो दूर करावयाचा तर तो किती घरांत आणि किती मुलांवर होतो, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. हे काम केलीबाईंनी चाळीस वर्षे अखंड केले. भट्टीजवळ बसलेल्या मुलांकडे त्यांनी लोकांना पाहावयास लावले.