गव्हाचा दोष हेरणारा डॉक्टर

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावात, मराठवाड्यातील बहुतेक गावांप्रमाणे, भाकरी म्हणजे ज्वारीची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. गहू सणासुदीपुरता. ज्या मुलाच्या आतड्याला गहू सोसत नाही, त्याचे दुखणे अशा घरात कुणाच्या ध्यानातही येत नसावे. हॉलंडमध्ये मात्र पावाशिवाय दिवस जात नाही. तिथल्याच एका बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा दोष सिद्ध केला.

विलेम कारेल डिके यांचा जन्म १९०५ सालचा, डॉर्डरेख्टचा. लायडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९३६ मध्ये, जेमतेम एकतिशीत, ते हेग येथील युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. फुगलेले पोट, काटक्यांसारखे हातपाय आणि न थांबणारे जुलाब, अशी सीलिअॅक आजाराची मुले त्यांच्याकडे येत. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्येच या आजाराचे वर्णन केले होते. कारण मात्र कोणालाच उमगले नव्हते. अनेक मुले दगावत.

पाव बंद केला की मूल सुधारते, असे एका आईने डिके यांना सांगितल्याची नोंद आहे. त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, ट्युलिपचे कंद खाऊन लोक जगले, आणि ही मुले मात्र सुधारली. त्यातून शोध लागला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा रंजक खरी, पण डिके यांच्यावर थोडी अन्याय करणारी. पाव वर्ज्य केलेला आहार त्यांनी १९४१ मध्येच प्रसिद्ध केला होता. दुष्काळाने संशय बळावला, एवढेच.

खरे काम पुढचे आणि कंटाळवाणे होते. मुलांना गहू द्यायचा, बंद करायचा, पुन्हा द्यायचा, वजनाची नोंद ठेवायची. रसायनतज्ज्ञ व्हॅन दे कामर यांनी विष्ठेतील चरबी मोजण्याची पद्धत बसवली, तेव्हा पुरावा आकड्यांत आला. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर झाला. गव्हातील पिष्ट निर्दोष आणि कणकेला चिवटपणा देणारे ग्लुटेन अपायकारक, हे १९५३ पर्यंत स्पष्ट झाले. १९५७ मध्ये ते उट्रेख्टला प्राध्यापक झाले. १९६२ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ग्लुटेनविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते, हे नंतर कळले. तिचे मुख्य लक्ष्य असलेले विकर १९९७ मध्ये सापडले. पण सीलिअॅक नसूनही गव्हाने त्रास होणारे लोक आहेतच. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना अशांच्या रक्तात आतड्याच्या पेशींना इजा झाल्याच्या आणि प्रतिकारयंत्रणा चेतल्याच्या खुणा आढळल्या. सहा महिने गहू सोडल्यावर त्या ओसरल्या. दोषी ग्लुटेनच का, याबद्दल मात्र मतभेद आहेत. २०१८ मधील नॉर्वेतील चाचणीत ‘फ्रुक्टान’ या गव्हातील शर्करेने अधिक त्रास झाला.

गहू तपासणीपूर्वीच सोडू नये, चाचणी फसते. सीलिअॅक ठरलाच, तर मराठवाड्यातील रुग्णाला पर्याय घरातच आहे: ज्वारीत ग्लुटेन नसते. मात्र त्याच जात्यावर किंवा गिरणीत आधी गहू दळलेला नसावा.